आज भरती आहे

आमची ताई कुठेही टेकली की झोपते. लग्नाच्या हॉलमध्ये, बसमध्ये, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे, खुर्चीत, तोंडाचा आ तसाच ठेवून. भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, हा किस्सा आल्यागेल्याला सांगतात आणि पोट धरून हसतात. मला हसू येत नाही. माणूस आ करून झोपतं तेव्हा ते दमलेलं असतं, एवढं कळायला काय फार अक्कल लागते?

ती हॉटेलांचे कपडे धुणाऱ्या लॉन्ड्रीत कामाला आहे. भलीमोठी शेड, सगळीकडे वाफ, पायाखाली कायम ओलं. इस्त्रीचा एक लांबलचक तापलेला रूळ असतो. ही एका टोकाला, दुसरी बाई दुसऱ्या टोकाला, मध्ये ओली चादर. दोघींनी कोपरे धरून ती रुळात सोडायची, पलीकडून निघाली की घडी घालायची आणि लगेच पुढची. हे दिवसभर उभ्यानं. एकदा तिनं स्टूल मागितलं तर मुकादम म्हणाला, "बसून चादरीचं टोक हाताला येईल का तुमच्या?" ताईला ते पटलं. हिला सगळ्यांचं सगळं पटतं, हेच तर रडगाणं आहे.

घरी आली की सासूबाई. त्यांचं मांडीचं हाड मोडलं तेव्हापासून त्या अंथरुणावर. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांना सारखं कुशीवर वळवावं लागतं. ताई कामावर असली की शेजारीण लक्ष ठेवते, पण वळवणं ताईचंच, निघण्याआधी, आल्यावर आणि रात्रभर. सासूबाई अंगानं भरलेल्या, आणि ताई म्हणजे वाळत घातलेली ओढणी. भाऊजी पंख्यांच्या दुकानात विक्रीला आहेत, घरी आले की पंख्याखाली बसतात. मुलगा नोकरीसाठी लांब, दर रविवारी फोनवर 'आजीला जप' म्हणतो. भाऊजींचं म्हणणं, बाईमाणसाच्या अंगाला मी कसा हात लावू? अहो, तुमची आई आहे ती! पण नाही. ते खुर्चीतून सांगणार, "जरा डावीकडे घे. उशी दे खाली. हळू." उंटावरून शेळ्या हाकायच्या, तर आमच्या भाऊजींनी.

आणि यात ताईचं स्वतःचं दुखणं. महिन्यातले निम्मे दिवस अंगावरून जायचं, चेहरा पांढराफटक. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, पिशवीत गाठी आहेत, पिशवी काढायला हवी, उशीर करू नका, अंगात रक्त उरलेलं नाही. त्यावर हिनं विचारलं काय, तर "ऑपरेशननंतर वजन उचलता येईल ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीन महिने पाण्याची बादलीसुद्धा नाही. झालं. बादली नाही तर सासूबाई कुठून? तेव्हापासून ते घोंगडं भिजत पडलं होतं.

मी तिची धाकटी बहीण. तयार कपड्यांच्या दुकानात मागच्या बाजूला माझं मशीन आहे. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, कमरेत सैल करायच्या. माणसं पुढच्या आरशात पोट आत घेऊन उभी राहतात आणि मागे माझ्याकडे खरं माप येतं. राहते एकटी, दीड खोलीत. लग्न केलं होतं, दोन वर्षांत उसवलं. पुन्हा शिवायच्या भानगडीत पडले नाही.

तर ताईला पक्ष्यांचा नाद लागला तोही झोपेमुळेच. कामावरून येताना बसमध्ये डोळा लागला, आपला स्टॉप गेला, आणि कंडक्टरनं उठवलं ते थेट शेवटच्या थांब्यावर, नदी समुद्राला मिळते तिथे. उतरून बघते तर भरती टिपेला आलेली. सगळा चिखल, सगळी दलदल पाण्याखाली, आणि किनाऱ्यावर वाळूची एक जीभ तेवढी उघडी. त्या जिभेवर पक्षी. लहान, मोठे, काटकुळ्या पायांचे, लांब चोचींचे, एकमेकांना खेटून, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. बहुतेक एका पायावर उभे. कोणी काहीच करत नव्हतं.

"अगं, काहीच करत नव्हते," ताईनं मला फोनवर तीनदा सांगितलं. "एवढे सगळे, आणि कोणाला काही काम नाही!"

मला आधी वाटलं, हिला ऊन लागलं. पण ती पुन्हा गेली, मग पुन्हा. तिथे एक होडीवाले काका बसलेले असतात. पूल झाला आणि त्यांचं माणसं पलीकडे सोडायचं काम बंद पडलं, तरी सवयीनं येऊन बसतात. त्यांनी तिला समजावलं, की ही जात चिखलात चोच खुपसून जगते. ओहोटी लागली, चिखल उघडा पडला की यांची ड्युटी सुरू, मग दिवस बघत नाहीत की रात्र. भरती आली की सगळं पाण्याखाली जातं, जेवणाला कुलूप. मग एका जागी उभं राहायचं आणि पाणी उतरायची वाट बघायची. भरती म्हणजे त्यांची सुट्टी.

भरतीची वेळ रोज पुढे सरकते, त्यामुळे ताईची जायची वेळही सरकायची. काम आणि सासूबाई यांच्या फटीत भरती सापडली की ती निघायची. "आज भरती आहे, जाऊन येते," एवढंच सांगायची. भाऊजी पेपरातून डोकं न काढता विचारायचे, "कुठली भरती? पोलीस का सैन्य?" स्वतःच हसायचे. पण अडवायचे नाहीत. येड लागलंय म्हणून सोडून द्यायचे. तिच्या आयुष्यात ही एकच गोष्ट होती जिच्यावर घरात चर्चा झाली नाही.

एकदा मलाही घेऊन गेली. म्हटलं चला, बघू तरी काय एवढं.

पाण्याच्या कडेला एक उलटी टाकलेली जुनी होडी आहे, तिच्या आडोशाला आम्ही बसलो. पक्षी समोरच. चिखल्या आणि शेकाट्या ही दोन नावं काकांनी सांगितली, तेवढीच माझ्या लक्षात राहिली. शेकाट्याचे पाय लालचुटूक आणि इतके लांब, की पँटीची खालची शिलाई उसवून द्यावी लागेल. एक मोठा तपकिरी पक्षी होता, चोच खाली वाकलेली, हातभर. मी म्हटलं, "हे तर गोणी शिवायचं दाभण." तेव्हापासून आमच्या दोघींत त्याचं नाव दाभण पडलं. दाभणानं आपली चोच पाठीवरच्या पिसांत खोचली होती आणि एक डोळा अर्धा उघडा ठेवला होता. लाट आली की सगळी रांग जागच्या जागी थोडी मागे सरकायची. उडायचं नाही, पळायचं नाही. एकानं तर दुसरा पाय खाली टेकवायचासुद्धा कंटाळा केला, तसाच एका पायावर टुणटुण मागे गेला.

ताई हसली. "बघ की, एका पायाला तरी सुट्टी." आणि चपला काढून तिनं आपले पाय पसरले. घोटे सुजून पोळपाटाएवढे झाले होते. मी बघतेय म्हटल्यावर तिनं साडी खाली ओढली.

मग मला राहवेना. "ताई, ऑपरेशनचं काय ठरवलंस?"

"बघू."

"बघू काय? डॉक्टरीणबाई घसा कोरडा करून सांगतायत."

"आईंना कोण वळवणार?"

"ज्यांची आई आहे ते!"

"त्यांना नाही जमत गं."

"जमत नाही की जमवायचं नाही?"

"भांडू नकोस," ती म्हणाली. "मला आता भांडणाचासुद्धा शीण येतो."

तेवढ्यात कोणी तरुण जोडपं फोटो काढायला म्हणून सरळ पक्ष्यांत धावत गेलं. मुलगा पुढे, मुलगी मागे, हातात फोन. सगळा थवा एकदम उठला, कालवा झाला, पाण्यावर दोन गिरक्या घेतल्या. सुंदरच दिसत होतं, खोटं कशाला बोलू. पण ताई ताडकन उभी राहिली. मी तिला उभ्या जन्मात असं ओरडताना ऐकलं नव्हतं. "अरे, बसू द्या की त्यांना! जरा बसलेलं बघवत नाही का कोणाला?"

जोडपं चपापलं आणि निघून गेलं. होडीवाले काका म्हणाले, रिकाम्या पोटी उगाच उडवलं की ताकद जाते त्यांची, मग पुढचा प्रवास झेपत नाही. पक्षी परत आले, पण बराच वेळ एकही झोपला नाही. ताईसुद्धा बसमध्ये झोपली नाही त्या दिवशी.

पुढच्या रविवारी मी तिच्या घरी जाऊन थडकले. म्हटलं, सोक्षमोक्ष लावूनच उठायचं. भाऊजींसमोर विषय काढला. ते म्हणाले, "मी कुठे नको म्हणतोय? तब्येत महत्त्वाची. पण उन्हाळा तोंडावर आलाय, पंख्यांचा सीझन. हा सीझन जाऊ दे." मी म्हटलं, बाई लावून घ्या आईंसाठी. ते म्हणाले, परक्या बाईच्या हातात आई कशी देणार? आतल्या खोलीतून सासूबाई रडायला लागल्या, "मलाच उचला एकदाची, म्हणजे सगळे मोकळे व्हाल!" भाऊजींचे डोळे भरले. मी म्हटलं, आई, तुम्हाला कोण काय बोललं? त्या आणखी रडल्या. असा तासभर गोंधळ. आणि मिटवला कोणी? ज्या बाईच्या पोटाचा प्रश्न होता तिनं. सगळ्यांना चहा दिला, सासूबाईंचे डोळे पुसले, त्यांना कुशीवर वळवलं, मला दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "दगदग करून घेऊ नकोस." मी दगदग! अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. पण तिच्याकडे पाहिलं आणि निघाले. कठड्याला धरून उभी होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी माझ्या फोनवर तिचा निरोप आला. 'आज भरती आहे गं. जाते.'

तिचा सुट्टीचा वार होता. मी एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं अस्तर उसवत होते. बरं वाटलं मला. म्हटलं, बसू दे जरा निवांत. एका हातानं उत्तर पाठवलं, 'दाभणाला माझा नमस्कार सांग.'

दुपारी भाऊजींचा फोन. आवाज चढलेला. "तुझी ताई कुठाय? फोन उचलत नाही. शेजारीण दुकानात फोन करतेय, आईला वळवायचं राहिलंय. सकाळी भरती आहे म्हणून गेली ती गेली. काही लिमिट आहे की नाही पक्ष्यांना?"

"तुम्ही घरी जा आणि वळवा," मी म्हटलं.

"दुकानात गिऱ्हाईक उभं आहे!"

"माझ्याही दुकानात आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवला. पण मग वाटलं, झोपली बिपली असेल तिथेच, वर हे पांढरंफटक अंग. चक्कर आली असली तर? शेठना सांगून निघाले.

बस शेवटच्या थांब्याला लागली, मी उतरले आणि बघतच राहिले. पाणी नव्हतंच. जिथे लाटा लागत होत्या तिथून पार लांबवर नुसता काळा चिखल, उन्हात चकाकणारा. वाळूची जीभ मोकळी. पक्षी होते, पण लांब लांब पांगलेले, ठिपक्यांएवढे, आणि सगळे कामाला लागलेले. चोच आत, चोच बाहेर, दोन पावलं, पुन्हा चोच आत. मान वर करायला एकाला फुरसत नव्हती. उलट्या होडीपाशी काका एकटेच.

"ताई कुठे गेली?" मी विचारलं.

"आज नाही आली."

"असं कसं? सकाळीच निघालीय. आज भरती आहे म्हणाली."

"भरती रोजच असते, बाई. पण आजची पहाटे येऊन गेली, उजाडायच्या आधी. आता दिवस मावळल्यावर." मग ते म्हणाले, "तिला वेळा पाठ आहेत. ती नाही चुकायची."

मी फोन काढून निरोप पुन्हा वाचला. आज भरती आहे गं. जाते. आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे देवा! ही बया दवाखान्यात भरती व्हायला गेलीय. एकटी. आणि मी दाभणाला नमस्कार सांगितला!

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात कशी पोचले मला आठवत नाही. रिक्षावाल्याला सारखी 'चला हो, चला हो' करत होते एवढं आठवतं. बायकांच्या वॉर्डात शेवटची खाट, खिडकीशी. दवाखान्याचा हिरवा झगा, केसांच्या दोन वेण्या घातलेल्या, शाळेत जाणाऱ्या मुलीसारख्या. पाय खाटेवर लांब केलेले. उशीला टेकून बसली होती आणि चक्क जागी होती.

"आलीस?" ती म्हणाली. "बस. घामाघूम झालीयस."

"तुझ्या जिभेला काय झालं होतं? नीट सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं की. भरती आहे म्हटलं."

"मुद्दाम केलंस!"

"मुद्दाम काय त्यात? भरतीला भरतीच म्हणतात." आणि ती हसली. हसता हसता रडायला लागली. "ऑपरेशन म्हटलं असतं तर पुन्हा सगळे बसले असते. आई रडल्या असत्या, हे सीझनचं बोलले असते, तू भांडली असतीस. ऑपरेशनची नाही गं मला भीती, चर्चेची वाटते. पक्ष्यांचं म्हटलं की मला कोणी काही विचारत नाही."

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. नर्सबाईंनी बरोबर कोण आहे विचारलं तर हिनं सांगितलं होतं, बहीण येईल. रात्री मला फोन करणारच होती म्हणे. मी तिचा हात धरून बसले. तळवे रुळाच्या वाफेनं कातड्यासारखे झालेले. 

भाऊजींना फोन मी केला. सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मग आईचं काय?" त्यानंतर म्हणाले, "ती बरी आहे ना?" या क्रमानं. 

संध्याकाळी आले. हातात पिशवी, पिशवीत तीन टॉवेल आणि तिच्या लग्नाकार्यात घालायच्या चपला. दुसरं काही सापडलं नाही म्हणाले. त्यांच्याकडे बघून दयाच आली. माणूस वाईट नाही हो, पण त्याला सगळं आयतं हातात लागतं. खाटेशी उभं राहून ते म्हणाले, "अगं, मला सांगायचंस ना."

"सकाळी सांगितलं. तुम्ही बरं म्हणालात."

"मला वाटलं, समुद्राची."

 मग तेच म्हणाले, "ठीक आहे. झालं ते झालं. घरी आलीस की आराम कर. आईच्या शेजारीच तुझी खाट लावू. तुला काही करायचं नाही. शेजारीण येईल वळवायला, तू फक्त पडल्या पडल्या सांगायचंस, कसं धरायचं, उशी कुठे द्यायची."

ताईनं खिडकीबाहेर पाहिलं. मग माझ्याकडे. आमचे आईवडील जाऊन किती वर्षं झाली. त्यानंतर ती माझ्याकडे राहायला म्हणून एकदाही आलेली नाही. माझी दीड खोली, अर्ध्या खोलीत मशीन, पलंग एकच.

"मी घरी येणार नाही," ती म्हणाली. "मी हिच्याकडे जाणार आहे. तीन महिने."

मला विचारलं नव्हतं तिनं. विचारायची ताकदच नव्हती, नुसती बघत राहिली माझ्याकडे. मी हो म्हणेन की नाही, याची तिला खात्री नव्हती! सख्ख्या बहिणीची!

"तर काय," मी म्हटलं. "माहेरपणाला येतेय. मी केव्हाची बोलावतेय."

"तीन महिने?" भाऊजी म्हणाले. "अगं, पण आईला..."

ताईनं डोळे मिटले. झोपली नव्हती, मला माहीत आहे. 

मी भाऊजींना दंडाला धरून बाहेर व्हरांड्यात आणलं. भिंतीला लाकडी बाक होता. म्हटलं, "झोपा यावर." ते म्हणाले, "काय?" मी म्हटलं, "आडवे व्हा, भाऊजी. उताणे. अंग सैल सोडा, तुम्हाला हलता येत नाही असं समजा." लोक बघत होते, बघू देत. एक हात त्यांच्या खांद्याखाली घातला, एक कमरेखाली, गुडघा बाकाला टेकवला, आणि ताईला करताना इतक्यांदा पाहिलं होतं तसं त्यांना कुशीवर वळवलं. माझ्या पाठीत कळ आली, डोळ्यांपुढे काजवे चमकले. "असं," मी म्हटलं, "आणि मग उशी पाठीला, एक गुडघ्यांच्या मध्ये. मग थोड्या वेळानं दुसऱ्या कुशीवर. रात्रीसुद्धा. कळलं?"

ते उठून बसले. शर्ट चुरगळलेला, केस विस्कटलेले. स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघत होते.

"हे ती एकटी करते?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "तुम्ही त्याच घरात राहता ना, भाऊजी?"